बिनदचक आकडा

त्या वर्षी तासगावात पोरांपेक्षा आईबापच जास्त नापास झाले.

दहावीची पोरं कट्ट्यावर बसून शेंगा फोडत असायची आणि समोरून त्यांचे आईबाप वह्या काखोटीला मारून देशिंगे सरांच्या क्लासकडं चाललेले असायचे. ओढलेले चेहरे, डोळ्यांखाली काळं, पायांत जीव नाही. "काय वो काका, काल किती पडले?" असं एखादं कार्टं मोठ्यानं विचारायचं आणि दोन लेकरांचा बाप असलेला गृहस्थ मान खाली घालून "अठ्ठ्याहत्तर" असं पुटपुटत पुढं सटकायचा. पालकांच्या प्रगतिपुस्तकावर पाल्याची सही लागायची. एका बापानं म्हणे पोराची खोटी सही ठोकली, ती पकडली गेली, आणि पोराला क्लासात बोलावून "वडिलांकडं जरा लक्ष द्या, संगत तपासा" अशी समज देण्यात आली.

ही सगळी करणी दचकयंत्राची.

यंत्र दिसायला साधंच. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला हनुवटी टेकवतात ना, तसलं. हनुवटी टेकवायची, मनगटाला पट्टा बांधायचा आणि समोरच्या पडद्याकडं बघत बसायचं. पडद्यावर आपल्या लेकराचा दहावीचा निकाल येतो. नाव त्याचं, आईचं नाव बरोबर, फोटोही त्याचाच; फक्त टक्के खोटे. आधी बहात्तर दिसतात, मग एक्केचाळीस, मग शहाण्णव, मग अठ्ठावन्न. एकेक निकाल तीन सेकंद, असे दोनशे निकाल. माणसाचा मेंदू पुढं काय येणार याचा अंदाज सारखा बांधत असतो. अंदाज आणि समोर आलेलं यांत अंतर पडलं, की डोळ्यातली बाहुली कणभर मोठी होते, तळव्याला घाम सुटतो, काळजाचा एखादा ठोका मागंपुढं होतो. जितकं अंतर मोठं तितकी दचक मोठी. तोंडानं माणूस काहीही बोलो, बाहुली कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तर दोनशे निकालांपैकी ज्या आकड्याला बाप अजिबात दचकत नाही, तो आकडा म्हणजे लेकराबद्दल त्याच्या पोटात असलेला खरा अंदाज. शास्त्रज्ञांनी त्याला लांबलचक नाव दिलं होतं. लोक त्याला बिनदचक आकडा म्हणायचे.

इथवर करमणूक होती. पण मग कुठल्याशा विद्यापीठानं चाळीस हजार घरांत जूनमध्ये आईबापांचे बिनदचक आकडे घेतले आणि वर्षानं ते पोरांच्या निकालाशेजारी मांडले. चार टक्क्यांच्या फरकानं जुळले! चाचण्या, सराव परीक्षा, बुद्ध्यांक, सगळ्यांपेक्षा नेमके. बाप ज्याला पोटातनं साठाचा समजतो, ते पोर साठावर येऊन बसतं. आई जगाला "माझी सोनी नव्वद काढणार" म्हणून सांगते आणि यंत्रापुढं नव्वदला दचकते, तर सोनी ऐंशीच काढते. आणि बोलण्यातला आकडा नि पोटातला आकडा यांत फारच फट पडली, तर पोर त्या फटीतच अडकतं, ना वर ना खाली. आता बापाच्या अंदाजानं पोर घडतं, की पोराकडं बघून बापाचा अंदाज घडतो? याचं उत्तर "अद्याप निश्चित सांगता येत नाही" असं त्या संशोधकांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण ते अहवालाच्या एकशेबाराव्या पानावर. क्लासवाले तिथवर कशाला जातायत?

देशिंगे सरांनी सरळ विचार केला. पोराला गणित शिकवायला दोन वर्षं जातात. बापाला नव्वद आकड्याला न दचकायला शिकवायचं तर सहा महिने पुरे. त्यांनी पालक तुकडी काढली. ज्यांच्या आई आणि बाप दोघांचाही बिनदचक आकडा नव्वदच्या वर, तीच पोरं पहिल्या तुकडीत. बाकीच्यांनी आधी घरची माणसं सुधारून आणायची.

बेदाण्याचा व्यापारी अभिनंदन मगदूम या यंत्रापुढं पहिल्यांदा बसला ती ऑक्टोबरातली दुपार. नाव अभिनंदन, पण बावीस वर्षांत त्यानं कुणाचं अभिनंदन केलेलं बाजारात कुणाला आठवत नव्हतं. कुणाला शिवी दिल्याचंही नाही. सकाळपासून तीन शीतगृहांतले सौदे उरकून तो आला होता आणि हनुवटी टेकवायला मिळाली हेच त्याला बरं वाटलं.

त्याची मुलगी शर्वी दहावीत होती. आठवीला अठ्ठ्याऐंशी टक्के. नववीच्या सहामाहीला चौऱ्याहत्तर, वार्षिकला त्रेसष्ट, दहावीच्या पहिल्या चाचणीला एक्कावन्न, आणि परवा गणितात शंभरापैकी एकोणचाळीस. जिन्यावरून चेंडू पायरी पायरीनं उतरावा तशी पोरगी उतरत चालली होती. दर वेळी ती पेपर बापापुढं ठेवायची आणि शेजारी उभी राहायची. अभिनंदन पेपर बघायचा, "बरं" म्हणायचा, सही करायचा. ती आणखी थोडा वेळ उभीच. मग पेपर उचलून आत जायची.

त्रिशला, म्हणजे शर्वीची आई, पतसंस्थेतली नोकरी सांभाळून तीन महिने पालक तुकडीत बसली होती. तिनं आपला आकडा एक्क्याण्णववर नेला होता आणि त्यापायी तिची मान कायमची अवघडली होती. "आता फक्त तुमचा राहिलाय," तिनं मान न वळवता सांगितलं होतं. "डिसेंबरात तुकड्या पक्क्या होतात. पोरगी बुडायलीय वो आपली. एवढं एक करा."

यंत्रावर किमया नावाची तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी होती. बोलायला गोड, पण दिवसाला साठ आईबाप तपासून तिचा आवाज बसला होता.

"काका, आधी एक फुगा फोडते हं. दचकलात की समजायचं यंत्र चालू आहे."

फटाक!

अभिनंदन चांगला जागच्या जागी उडाला. पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी रेघ डोंगरासारखी वर गेली.

"झकास. आता नुसतं बघत राहायचं. विचार काही करायचा नाही."

निकाल येऊ लागले. पंचेचाळीस. नव्वद. बारा. सदुसष्ट. शंभर. शून्य. रेघ आडवी. शेतातल्या पाटाचं पाणी तरी जरा हलतं, ही हलेना.

"काका, जागे आहात ना?"

"हाय की."

"आत्ता शून्य आलं होतं."

"दिसलं."

"आणि त्याच्या आधी शंभर."

"तेबी दिसलं."

किमयानं पट्टा बदलला, दुसऱ्या यंत्रावर बसवलं, पुन्हा फुगा फोडला. फुग्याला डोंगर, आकड्याला सपाट. अख्ख्या तालुक्यातले बाप तिनं बघितले होते. चोरून गोळ्या खाऊन येणारे, डोळ्यांत थेंब घालून येणारे, एक तर भाड्यानं दुसराच शांत स्वभावाचा बाप आणणारा. पण असला बाप तिनं बघितला नव्हता.

गोष्ट अशी होती. अभिनंदनचे आजोबा सांगलीच्या हळद बाजारात खरेदीदार होते. त्या काळी भाव तोंडानं ठरत नसे. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि रुमालाखाली बोटं धरून आकडा सांगायचा. शेजारच्याला पत्ता लागत नसे. पुढं सौदे उघड झाले, रुमाल गेला आणि रुमालाचं काम चेहऱ्यावर आलं. म्हाताऱ्यानं नातवाला सौद्याला पहिल्यांदा नेलं तेव्हा एकच गोष्ट शिकवली होती: "अभ्या, बाजारात जाताना मनात आकडा न्यायचा न्हाई. मनातला आकडा डोळ्यात उतरतोय, आणि समोरचा तो वाचतोय. मन रिकामं ठेव. कुणी दहा म्हणो, कुणी हजार म्हणो, ऐकायचं आणि बरं म्हणायचं." बावीस वर्षं अभिनंदननं हेच केलं. आधी चेहरा गप्प झाला, मग डोळे, आणि शेवटी आतला तो अंदाज बांधणारा कारखानाच बंद पडला. ज्याला अंदाजच नाही, त्याचा अंदाज चुकणार कसा? यंत्राचं काही बिघडलं नव्हतं. बापाच्या पोटात आकडाच नव्हता.

पण यंत्राच्या कागदावर यासाठी एकच रकाना होता. निकाल आधी पाल्याला कळवायचा असा क्लासचा नियम. अभिनंदन बाहेर आला तेव्हा शर्वी बॅटरीच्या गाडीला टेकून हातातल्या फोनकडं बघत उभी होती.

"काय आलं गं?"

तिनं फोन त्याच्यापुढं धरला. 'पालक: उदासीन.'

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्हाला काही पडलेलं नाही."

"असं कुठं हाय?"

"मग कसं हाय?"

बाजारात असला प्रश्न कुणी विचारत नाही. "बघू," तो म्हणाला. घरापर्यंत ती पाठीमागं इतकी गप्प बसली, की एका वळणावर त्यानं मागं वळून बघितलं, पडली-बिडली तर नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी देशिंगे सरांनी त्याला समोर बसवलं. सर मूळचे भूमितीचे, आता आईबाप शिकवून शिकवून त्यांनाही धाप लागायची.

"मगदूमशेठ, लोक माझ्याकडं न दचकायला शिकायला येतात. तुम्हाला दचकायला शिकवायचं म्हणजे मला पुस्तक उलटं धरावं लागंल."

"धरा की."

"दचकला नाहीत तर पहिली तुकडी विसरा. डिसेंबरच्या वीस तारखेपर्यंत वेळ आहे."

मग सुरू झालं. वर्गात एकीकडं चाळीस आईबाप दात खाऊन 'चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव' असं घोकत न दचकायची तालीम करायचे, आणि कोपऱ्यात अभिनंदनला बसवून एक मास्तर त्याच्या कानात अचानक ओरडायचा, "एकोणीस!" अभिनंदन मान डोलवायचा. "नव्व्याण्णव!" अभिनंदनला डुलकी लागायची. आकड्यांच्या आरोळ्यांत बावीस वर्षं काढलेला माणूस. त्याला ती अंगाई वाटायची.

घरी त्रिशलानं आघाडी उघडली. पोहे पुढं ठेवताना ती एकदम म्हणायची, "विजेचं बिल एकतीस हजार आलंय."

"बरं. भरू."

"वन्संना तिळं झालं."

"बरं. बाळंतविडा दुप्पट... न्हाई, तिप्पट न्यायला पायजे."

"अहो, तुमची बहीण एकावन्न वर्षांची आहे!"

"आकडा ऐकला मी," अभिनंदन थकून म्हणायचा. "खरंखोटं कोण बघतंय?"

त्रिशला पोळपाटावर हात टेकून त्याच्याकडं बघत राहायची. मान अवघडलेली, त्यामुळं बघायला सगळं अंगच वळवावं लागायचं. "लग्नाला होकार दिला तेव्हा तरी काही वाटलं होतं का तुम्हाला?" एक दिवस तिनं विचारलं.

"वाटलं होतं की."

"कुठं?"

त्यानं शर्टाच्या दुसऱ्या गुंडीपाशी बोट लावलं. त्या दिवसानंतर त्रिशलानं खोटी बिलं सांगायची थांबवली.

असे सात आठवडे गेले. अभिनंदन खरोखरच दमला. पहाटे उठून आरशापुढं उभं राहून तो स्वतःलाच पोरीचे टक्के सांगायचा, भुवया वर करून बघायचा. नुसत्या भुवया वर जायच्या, बाकी कोण घरात नसल्यासारखं. शर्वी दारातनं ते बघायची आणि दप्तर उचलून निघून जायची. सहामाहीचे तिचे पेपर त्यानं मागितले तर म्हणाली, "हरवले." त्रिशलानं ओरडून बघितलं. पोरगी भिंतीला पाठ लावून ऐकत राहिली, डोळे मात्र बापाकडं.

अठरा डिसेंबरला किमयानं अभिनंदनला क्लासच्या दारातच गाठलं.

"काका, तुम्हाला एक सांगू? रागावू नका."

"मला येत न्हाई रागवायला. तेच तर सगळं लचांड हाय."

"हे यंत्र काही फार नवीन नाही. पोरं जन्मल्यापासून हेच करतात. आईबापांच्या तोंडाकडं बघत बसतात. बोललेलं कोण ऐकतंय? पण तुम्ही मार्क बघताना डोळे कसे होतात, किती वेळ गप्प बसता, ते सगळं वाचून पोर आपलं माप काढतं. चाळीस हजार घरांत आकडे जुळले ते म्हणूनच असणार, असं मला आपलं वाटतं. मी काही शास्त्रज्ञ नाही."

"मग?"

"मग तुमच्या शर्वीनं पंधरा वर्षं काय वाचलं असेल?"

अभिनंदन चपला काढायच्या बेतात होता. एक काढली, एक पायातच राहिली.

"परवा तिला घेऊन या," किमया म्हणाली. "शेजारी बसवू. कदाचित लेकरू शेजारी असलं की आकडा जागा होईल."

वीस तारखेला शर्वी शेजारच्या स्टुलावर बसली. देशिंगे सर दारात उभे. त्रिशला बाहेर बाकावर णमोकार मंत्र म्हणत बसलेली. फुगा फुटला, बाप दचकला, लेक नाही. मग निकाल सुरू झाले. शर्वी अभिनंदन मगदूम, ऐंशी. शर्वी अभिनंदन मगदूम, तेहतीस. त्र्याण्णव. सात. अभिनंदन जीव तोडून बघत होता, एखाद्या तरी आकड्यानं चिमटा काढावा म्हणून. रेघ आडवीच्या आडवी. दोनशे संपले.

किमयानं सरांकडं बघून मान हलवली आणि पट्टा सोडायला हात पुढं केला.

"ताई," शर्वी म्हणाली, "अजून एक दाखवता?"

"किती टाकू?"

"आकडा नाही." शर्वीनं किमयाजवळचा कळफलक ओढून घेतला आणि स्वतःच टाइप केलं.

पडद्यावर निकाल आला. शर्वी अभिनंदन मगदूम. फोटो. मराठी: गैरहजर. गणित: गैरहजर. विज्ञान: गैरहजर. खाली टक्क्यांच्या जागी नुसती आडवी रेघ.

आकड्यांच्या दारावर अभिनंदननं बावीस वर्षं पहारा बसवला होता. हे दार त्यानं कधी बघितलंच नव्हतं. हिरवी रेघ उसळली ती पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन चिकटली आणि खाली येईना. मनगटावरचा पट्टा ठणाणा करायला लागला. अभिनंदननं हनुवटी काढली, स्टूल मागं पडलं.

"हे काय? कुणी केलं हे? काढा ते!"

तासगावच्या बाजारानं असला आवाज त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्रिशला बाहेरून धावत आत आली.

"पप्पा, खोटं आहे ते," शर्वी म्हणाली. ती बापाकडं नाही, रेघेकडं बघत होती.

"काढा म्हणतो ना!"

किमयानं निकाल पुसला. कोपऱ्यातली रेघ मात्र होती तशीच. मग शर्वीनं मान वळवली आणि बापाच्या चेहऱ्याकडं बघितलं. बराच वेळ, अनोळखी अक्षर लावून लावून वाचावं तसं.

देशिंगे सरांनी घसा साफ केला. "दचकले खरं. अभिनंदन. म्हणजे... अभिनंदन करतो तुमचं. पण शेठ, रकान्यात आकडा लागतो. 'गैरहजर'ला काय भरू मी?"

"काही भरू नका," अभिनंदन म्हणाला.

"पहिली तुकडी..."

"राहू द्या सर. दमलो."

त्रिशला नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली. असलं तोंड तिनंही पहिल्यांदाच बघितलं होतं. ती गाडी आणायला गेली.

बापलेक क्लासच्या पायऱ्यांवर बसले. भोवती आईबापांच्या चपलांचा ढीग. आतून चाळीस जणांचा 'चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव' असा कण्हल्यासारखा सूर येत होता.

"हे गैरहजरचं तुला कुठनं सुचलं गं?"

"सुचलं नाही. ठरलं होतं."

अभिनंदननं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

"एकोणचाळीसला तुम्ही सही केलीत," शर्वी पायरीवरचा खडा नखानं उकरत म्हणाली. "मग खाली काय राहिलं? वीस, दहा, शून्य. शून्याला पण तुम्ही बरंच म्हणणार, ते यंत्रानंच सांगितलं ऑक्टोबरात. म्हटलं मग बसायलाच नको परीक्षेला. तेवढं एकच बघायचं उरलं होतं."

व्यापाऱ्याच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. समोरच्याचा तळ कुठं आहे हे कळेपर्यंत एकेक पायरी खाली बोलत जायचं. ही तर त्याच्या घराण्याची विद्या. कुणी न शिकवता पोरगी त्याच्यावरच चालवत होती.

"कधीपासनं?"

"अठ्ठ्याऐंशीला तुम्ही बरं म्हणालात ना, तेव्हापासनं. म्हटलं, चौऱ्याहत्तरला काय म्हणताय बघू."

"मुद्दाम पाडलेस?"

"पहिल्यांदा मुद्दाम." तिचा खडा निघाला, तिनं तो बाजूला टाकला. "नंतर नंतर खरंच येईनासं झालं, पप्पा. दोन वर्षांचं गणित राहिलंय माझं."

अभिनंदनला खूप बोलायचं होतं. अठ्ठ्याऐंशीच्या त्या दिवशी त्यानं बाजारात जाऊन तो पेपर दोघांना दाखवला होता, हे तरी सांगायला हवं होतं. पण शब्दांचीही सवय लागते. त्यानं नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जड होता, तिनं तो झटकला नाही.

"मग आता बसणार ना परीक्षेला?"

"बघू," शर्वी म्हणाली. आवाज थेट बापाचा.

त्या दिवसापासून अभिनंदनच्या पोटातला बंद पडलेला कारखाना सुरू झाला, आणि एकदा सुरू झाल्यावर तो काही घर आणि बाजार असा भेद करीना. शर्वी स्वयंपाकघरात भूमिती घेऊन बसायची आणि हा दारातनं जाता जाता मनात म्हणायचा, आज सहातली तीन सुटतील. चार सुटली की छातीत बारीकसं हलायचं. इथवर ठीक. पण सौद्यातही, बेदाण्याची ताटली पुढं आली की मनात आकडा हजर! हिरवा, लांबट, एकसारखा माल बघून त्याच्या मनानं किलोला दोनशे चाळीस धरले आणि अडत्यानं दोनशे दहापासून आवाज दिला, तेव्हा अभिनंदनचे डोळे लकाकले. समोर चौगुले नावाचा खरेदीदार उभा होता. बावीस वर्षं तो त्या डोळ्यांत काही दिसतंय का म्हणून वाट बघत होता. त्यानं भाव चढवत चढवत दोनशे साठला नेला आणि नेमका तिथं माल अभिनंदनच्या गळ्यात घालून बाजूला झाला.

"काय शेठ," चौगुले हसत म्हणाला, "डोळं आलं व्हय तुमचं?"

"व्हय," अभिनंदन म्हणाला. "लई उशिरा आलं."

महिनाभर असंच चाललं. रोज कुणीतरी त्याला वाचायचं, रोज तो महाग माल घेऊन घरी यायचा. शिवाय चेहरा वापरायची सवय नसल्यामुळं संध्याकाळपर्यंत त्याचे गाल दुखायचे. त्रिशला खोबरेल कोमट करून एकीकडं त्याचे गाल आणि दुसरीकडं स्वतःची मान चोळत बसायची. एका एक्क्याण्णवपायी तिची मान गेली होती, एका 'गैरहजर'पायी त्याचा धंदा. "बरं घर चाललंय आपलं," ती म्हणायची, आणि दोघंही हसायचे, हसायचंसुद्धा दमून.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी अभिनंदन जमिनीवर बसून शिल्लक बेदाण्यातली काडी निवडत होता. शर्वीनं दोन कागद आणून ताटाच्या कडेला ठेवले. खालचा कागद बोर्डाच्या परीक्षेचं प्रवेशपत्र होता, त्यावर पालकाच्या सहीची जागा मोकळी. वरचा कागद पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर. चौपन्न.

अभिनंदनच्या हातातली काडी खाली पडली. भुवया वर गेल्या आणि हळूहळू खाली आल्या. शर्वी गुडघ्यांवर हात टेकून वाकली आणि डोळ्यांच्या डॉक्टरासारखी त्याच्या बाहुल्यांत बघू लागली.

"दचकलात."

"हं."

"किती धरले होते?"

"अडुसष्ट."

"अडुसष्ट!" ती ताठ उभी राहिली. "कशावरनं?"

"रोज बघतोय की. वर्तुळं सगळी येतायत तुला. परवा ते स्पर्शिकेचं कुणाला न विचारता सोडवलंस. पण बीजगणितात घाई करतीस, म्हणून चार कमी धरले, न्हाईतर बहात्तर धरले असते."

शर्वीचे कान लाल झाले. त्रिशला चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिनं सगळं अंग वळवून आधी एकाकडं, मग दुसरीकडं बघितलं आणि कप हातातच धरून उभी राहिली.

"मग चौपन्न बघून वाईट वाटलं?"

"वाटलं."

"किती?"

"लई." अभिनंदननं शर्टाला हात पुसले आणि सहीसाठी पेन चाचपडू लागला. "चौदा मार्कांचं वाटलं. आणि त्या चौऱ्याहत्तरचं, त्रेसष्टचं, एक्कावन्नचं, एकोणचाळीसचं... ते सगळं साठलेलं पण आजच वाटायलंय."

शर्वी त्याच्यासमोर बसकण मारून बसली. ताटातला एक बेदाणा तोंडात टाकला, चौपन्नचा पेपर पुढं ओढला आणि चुकलेली उदाहरणं पेन्सिलीनं एकेक गोल करत सुटली. चौथ्या गोलाला ती थांबली.

"हे आधी सांगायचं ना, पप्पा," ती वर न बघता म्हणाली. "फुकट किती मार्क घालवले मी!"